पायथनची वेगळी चूल

सोर्समधून पायथन कंपाइल करायला निघालास, पण आधी मला सांग, खरंच गरज आहे का? घरच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती हवी एवढंच कारण असेल, तर यूव्ही किंवा कोंडा तयार बिल्ड आणून देतात. पायएन्व्ही मात्र पडद्याआड तेच करतो जे तू हाताने करणार आहेस. म्हणजे तो अडला की शेवटी मी खाली सांगतेय त्याच गोष्टींशी गाठ पडते. सोर्सकडे वळायचं ते कारण असेल तेव्हा. मशीन जुनं आहे आणि ओएस बदलायची कोणाची हिंमत नाही, रूटचा पासवर्ड तुझ्याकडे नाही, डीबग बिल्ड हवा आहे, किंवा ३.१३ पासून आलेला जीआयएलशिवायचा पायथन चालवून बघायचा आहे.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. पायथनची प्रत्येक आवृत्ती साधारण पाच वर्षं सांभाळली जाते, पण पहिली दीड-दोन वर्षं सरली की तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. त्या काळात पायथन डॉट ऑर्गवर विंडोज आणि मॅकचे इन्स्टॉलर येणं बंद होतं, फक्त सोर्स येतो. ‘३.१० वरच राहायचंय, पण पॅच ताजा हवा’ असं तुमच्या लॅबमधल्या कोणी म्हटलं, आणि ओएसवाल्यांनी तो पॅच दिला नसला, की सोर्सला पर्याय उरत नाही. तसा पायथनचा मूळ रस्ताही हाच. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत काम करणाऱ्या गीदो व्हान रॉसम यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये तो पहिल्यांदा लोकांना दिला, तो आल्ट डॉट सोर्सेस या न्यूजग्रुपवर सोर्सचे तुकडे टाकून. ज्याला हवा त्याने जोडावा आणि आपल्या मशीनवर कंपाइल करावा.

आता मुख्य मंत्र. तू बांधलेला पायथन कधीही, एका कमांडने, मागे काही न ठेवता पुसता आला पाहिजे. बाकी सगळं मी याच एका गोष्टीसाठी सांगतेय. सीपायथनच्या मेकफाइलमध्ये इन्स्टॉल आहे, अनइन्स्टॉल नाही. प्रिफिक्स न देता कॉन्फिगर मारलास, तर तो गुपचूप यूएसआर-लोकल धरतो आणि बिन, लिब, इन्क्लूड, शेअर या चार ठिकाणी हजारो फाइली पसरतो. सहा महिन्यांनी त्यातल्या तुझ्या कोणत्या आणि दुसऱ्याच्या कोणत्या हे ओळखता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळी चूल मांड. ऑप्टखाली पायथन नावाची डिरेक्टरी, तिच्यात प्रत्येक आवृत्तीची आपली डिरेक्टरी, पॅचच्या आकड्यासकट. नुसतं ३.१२ नको, ३.१२.७ असं पूर्ण. रूट नसेल तर हेच सगळं होममध्ये. प्रिफिक्स तुझ्या मालकीच्या जागी असेल तर सुडो टंकायची वेळच येत नाही, आणि सुडो न मारता झालेली चूक तुझ्या घरापुरतीच राहते.

ओएसच्या पायथनला हात लावायचा नाही. यूएसआर-बिनमधली पायथन किंवा पायथन३ ची लिंक आपल्या नव्या आवृत्तीकडे वळवायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण सल्ला देणाऱ्यांनी ते एका ओळीचं काम करून ठेवलंय. सेंटओएस ७ वर यम स्वतः पायथन २.७ वर चालतो. तिथली पायथनची लिंक बदललीस की पॅकेज घालायचं साधनच बंद पडतं, आणि ते दुरुस्त करायला पॅकेज घालता येत नाही. उबुंटूवर नोम टर्मिनल उघडायची फाइल ही पायथन स्क्रिप्ट आहे. पायथन३ ची लिंक हलवलीस की टर्मिनल उघडेनासा होतो आणि चूक कुठे झाली ते बघायला टर्मिनलच नसतो. एपीटीने पायथन३ काढून टाकायचा तर विचारसुद्धा नको, त्याच्यामागोमाग अर्धा डेस्कटॉप जातो. त्यांचा पायथन त्यांच्यासाठी, तुझा तुझ्यासाठी.

सोर्स उतरवलास की तपास. टारबॉल वीस-बावीस एमबीचा असतो, सही पडताळायला मिनिटही लागत नाही. जुन्या आवृत्त्यांना जीपीजीची सही आहे. ३.१४ पासून ती बंद झाली, आता सिगस्टोअर. हे सोपस्कार वाटतील, तर २०२४ सालच्या एक्सझेडची गोष्ट लक्षात ठेव. एक्सझेड म्हणजे ज्याने तू हा टारबॉल उलगडतोस तेच. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार बसवलं होतं, आणि ते चालू करणारी एम४ फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलमध्ये होती. म्हणजे गिटवरचा कोड डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदलं, आणि २९ मार्च २०२४ ला ते जगाला कळलं. सही पडताळल्याने ती भानगड पकडली गेली नसती, कारण टारबॉल सोडणारा माणूसच त्यात होता, हेही तितकंच खरं. तरी एक शीक: कॉन्फिगर हाही प्रोग्राम आहे. तो तुझ्या नावाने, तुझ्या अधिकारात चालतो. म्हणून कॉन्फिगर आणि मेक रूटने कधीच नको, इन्स्टॉलची शेवटची पायरी तेवढी गरजेपुरती.

आता जिथे सगळे अडकतात तो भाग, तो नीट वाच. पायथनचा गाभा कोणत्याही बऱ्यापैकी सी कंपायलरवर बांधला जातो, त्याला फार काही लागत नाही. पण त्याच्याबरोबर येणाऱ्या कितीतरी मॉड्यूलांच्या मागे दुसऱ्यांच्या लायब्ररी असतात. एसएसएलमागे ओपनएसएसएल, सीटाइप्समागे लिबएफएफआय, एसक्यूलाइटमागे एसक्यूलाइट, झेडलिब, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन, टीके. मशीनवर या लायब्ररी असतात, नसतात त्या त्यांच्या हेडर फाइली. त्या वेगळ्या पॅकेजात येतात. डेबियन-उबुंटूवर त्या पॅकेजाच्या नावाला शेवटी डेव्ह, रेडहॅटच्या घराण्यात डेव्हेल. ‘लिबएसएसएल तर आहे की’ म्हणून गोंधळणारी पोरं मी कितीदा पाहिली. आहे, पण चालवण्यापुरती. कंपाइल करायला डेव्ह हवं.

आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे: हेडर मिळाले नाहीत म्हणून बिल्ड थांबत नाही. पायथन ते मॉड्यूल बाजूला ठेवतो आणि पुढे जातो. मेक संपतो, एक्झिट कोड शून्य, प्रॉम्प्ट परत येतो, तू खूश. मग पिप चालवतोस आणि तो म्हणतो, या पायथनमध्ये एसएसएल मॉड्यूल नाही, मी बाहेर जाऊ शकत नाही. सीटाइप्स राहिला तर तो ज्यांना लागतो ती पॅकेजं इम्पोर्टवर आपटतात. एसक्यूलाइट राहिला तर जँगोचा नवा प्रोजेक्ट पहिल्याच मायग्रेटला मान टाकतो. रीडलाइन राहिला तर ३.१२ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत वरचा बाण दाबल्यावर मागची ओळ येण्याऐवजी टोपी, दोन चौकटी कंस आणि ए अशी अक्षरं उमटतात. एकटा झेडलिब त्यातल्या त्यात प्रामाणिक, तो नसला तर इन्स्टॉलच्या वेळी पिप बसवताना सगळं धाडकन कोसळतं आणि तुला लगेच कळतं. बाकीचे आठवड्यांनी, दुसऱ्याच कोणाच्या प्रोग्राममध्ये वर येतात.

म्हणून वाचायचं. नव्या आवृत्त्यांत कॉन्फिगरच्या शेवटी शेवटी प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ येते: एक्स्टेन्शन मॉड्यूल अमुक, पुढे येस, मिसिंग, डिसेबल्ड किंवा एन-ए. एन-ए दिसलं तर सोडून दे, ते मॉड्यूल या ओएससाठी नाहीच. मिसिंग दिसलं की थांब. ग्रेपने नुसत्या मिसिंगच्या ओळी काढ, पॅकेज घाल, कॉन्फिगर पुन्हा चालव. मेकच्या अगदी शेवटीही एक छोटी यादी छापली जाते, की या या पर्यायी मॉड्यूलांसाठी लागणारं सामान सापडलं नाही. ती यादी वाचल्याशिवाय इन्स्टॉलचं नाव काढायचं नाही. टीके सर्व्हरवर नको असतो, तो तू ठरवून सोडलेला असेल तर हरकत नाही. ठरवून सोडणं वेगळं आणि न कळता राहणं वेगळं.

पॅकेजांची यादी पाठ करायची गरज नाही. डेबियनच्या घराण्यात एपीटीचा बिल्ड-डेप, फेडोराकडे डीएनएफचा बिल्डडेप, दोघांनाही पायथन३ नाव दिलं की लागणारं सगळं एकदम येतं. एपीटीला त्यासाठी सोर्सच्या रेपॉझिटरी चालू करून द्याव्या लागतात, तेवढं बघ.

कॉन्फिगर अडलाच, तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवरून अंदाज बांधत बसू नकोस. तिथेच कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल पडलेली असते. कॉन्फिगर काय करतो, तर सीचे चिमुकले प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघतो. जमलं तर ती सोय आहे, नाही जमलं तर नाही. त्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद, अपयशी प्रोग्रामच्या मजकुरासकट, या फाइलीत असते. फक्त ती शेवटापासून उघडलीस तर शेकडो व्हेरिएबल्सचा ढीग दिसेल, त्याला घाबरू नकोस. त्या ढिगाच्या वर चढून एरर हा शब्द उलटा शोधत जा, हवी ती ओळ तिथे आहे. एक नेहमीचा प्रकार सांगते. कंपाइल केलेला प्रोग्राम चालवता येत नाही अशी तक्रार आली, तर कंपायलरला दोष देण्याआधी तू कुठे उभा आहेस ते बघ. टेंपची डिरेक्टरी नोएक्झेकने माउंट केलेली असली तर तिथे कोणताच प्रोग्राम चालत नाही, सोर्स होममध्ये हलव. आणि ज्या पाथमध्ये मोकळी जागा असलेलं नाव आहे, ‘नवीन फोल्डर’ छापाचं, तिथे बिल्ड करायचंच नाही.

बिल्ड सोर्सच्या आत न करता बाजूला एक रिकामी डिरेक्टरी करून तिथून कर, कॉन्फिगरला तिथूनच पाथ देऊन हाक मार. बिघडलं तर ती डिरेक्टरी उडवायची, सोर्स कोराच राहतो. एकाच सोर्समधून साधा आणि डीबग असे दोन्ही बिल्ड शेजारी शेजारी करता येतात. मात्र आधी सोर्सच्या आत बिल्ड करून ठेवला असशील तर हे चालत नाही, पहिल्यांदा डिस्टक्लीन मारावा लागतो. मॅकवर बिल्ड झाला आणि पायथन डॉट ईएक्सई नावाची फाइल दिसली तर विंडोजचं भूत शिरलं असं समजू नकोस. मॅकची फाइल सिस्टिम लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानते, सोर्समध्ये पायथन नावाची डिरेक्टरी आधीच असते, म्हणून प्रोग्रामला शेपटी जोडावी लागते. इन्स्टॉल झाल्यावर ती जाते.

मेकला ‘जे’ हा पर्याय देऊन प्रोसेसर जितके कोर देईल तितके वापर, पण मेमरी बघून. छोट्या क्लाउड मशीनवर, एक जीबीवाल्या, आठ कंपायलर एकदम सोडलेस की मध्येच एखादा नुसता ‘किल्ड’ म्हणून मरतो. कोडमध्ये काही चूक नसते, कर्नलने मेमरीसाठी त्याचा बळी घेतलेला असतो. ‘जे’चा आकडा कमी कर किंवा थोडी स्वॅप दे. आणि आउटपुट टीने फाइलीत घेत असशील, घ्यावाच, तर बॅशचा पाइपफेल चालू कर. नाहीतर मेक पडला तरी टीचा यशाचा कोड हातात येतो आणि स्क्रिप्ट पुढे इन्स्टॉलला लागते.

एनेबल-ऑप्टिमायझेशन्स हा पर्याय सगळे पहिल्याच फेरीत देतात आणि मग तासभर पंखा ऐकत बसतात. त्यात घडतं ते असं: पायथन एकदा मोजणी करणारा म्हणून बांधला जातो, त्याच्यावर निवडक चाचण्या चालवून कोडचा कोणता रस्ता जास्त वापरात आहे ते टिपलं जातं, मग त्या नोंदींवरून पुन्हा पहिल्यापासून बांधणी. पायथन जलद होतो, यात वाद नाही, आणि रोजच्या कामाच्या सर्व्हरवर मी तो देतेच. पण पहिल्या फेरीत नाही. आधी साधा बिल्ड कर, चांगल्या मशीनवर काही मिनिटांचं काम आहे. मिसिंगची यादी रिकामी झाली, एसएसएल चालला, की मगच ऑप्टिमायझेशन्स आणि एलटीओ. सेंटओएस ७ च्या जीसीसी ४.८ वर तर हा पर्याय मध्येच रनपाय मॉड्यूल सापडत नाही म्हणून अडतो. दोष सोर्सचा नाही, कंपायलर म्हातारा आहे. डेव्हटूलसेटचा नवा जीसीसी वापर, नाहीतर हा पर्याय सोड.

सेंटओएस ७ चं नाव निघालंच आहे, तर तुमच्या लॅबमधल्या सेंटओएस ७ वाल्या मशीनबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुझा पहिला सामना तिच्याशीच आहे. तिचा अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपला. तिच्यातला ओपनएसएसएल आहे १.०.२ चा, आणि पायथन ३.१० पासून पुढे किमान १.१.१ लागतो. म्हणजे ओएसचं डेव्हेल पॅकेज घालूनही एसएसएल मिसिंगच राहणार. यातून दोन वाटा आहेत. ईपेलमध्ये ओपनएसएसएल११ नावाचं पॅकेज आहे, ते घेणं सोपं. दुसरी वाट, ओपनएसएसएल ३ स्वतः बांधणं. तो पर्लचं आयपीसी-सीएमडी मॉड्यूल मागतो, ते आधी घाल. त्यालाही वेगळा प्रिफिक्स दे, ओएसच्या ओपनएसएसएलवर चढवू नकोस, एसएसएच त्याच्यावर उभा आहे. कॉन्फिगर करताना लिबडिर म्हणून लिब सांग, नाहीतर लायब्ररी लिब६४ मध्ये पडते आणि पायथन लिबमध्ये शोधत बसतो. मग पायथनच्या कॉन्फिगरला विथ-ओपनएसएसएलने तो पाथ दे, आणि सोबत विथ-ओपनएसएसएल-आरपाथ ऑटो. हा दुसरा पर्याय विसरलास तर बिल्डच्या वेळी सापडलेली लायब्ररी चालवताना हरवते.

एवढं करून एसएसएल इम्पोर्ट होतो, आणि तरीही पहिल्याच एचटीटीपीएसला सर्टिफिकेट पडताळता आलं नाही म्हणून नकार येतो. लोक इथे वैतागून पडताळणीच बंद करून टाकतात. तसं करायचं नाही. तुझा ओपनएसएसएल विश्वासाची सर्टिफिकेटं स्वतःच्या प्रिफिक्समध्ये शोधतोय आणि ती डिरेक्टरी रिकामी आहे, एवढंच झालंय. पायथनमध्ये एसएसएलच्या गेट-डीफॉल्ट-व्हेरिफाय-पाथ्सला विचार, तो कुठे बघतोय ते सांगेल. तिथे ओएसच्या सर्टिफिकेट बंडलची लिंक ठेव, किंवा एसएसएल-सर्ट-फाइल हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याच्याकडे वळव. आणि हेही लिहून ठेव, की या ओपनएसएसएलची काळजी आता ओएस घेणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड बाहेर आला तेव्हा ज्यांनी ओएसचं पॅकेज वापरलं होतं त्यांनी अपडेट मारला आणि सर्व्हिस पुन्हा चालू केल्या. ज्यांनी स्वतः बांधला होता त्यांना तो कुठे कुठे बांधलाय हे आधी शोधावं लागलं.

एनेबल-शेअर्ड सहसा देऊ नकोस. पोस्टग्रेसमधलं पीएल-पायथन किंवा अपाचीचं मॉड-डब्ल्यूएसजीआय यांच्यासारखं कोणी पायथनला आपल्या पोटात घेणार असेल तेव्हा लागतो. दिलास तर एलडीफ्लॅग्जमधून आरपाथही दे. नाहीतर लिबपायथन सापडत नाही असं तरी म्हणेल, किंवा त्याहून वाईट, ओएसमध्ये त्याच ३.१२ चं जुनं लिबपायथन असेल तर निमूट तेच उचलेल. मग तू ३.१२.७ चालवतोस आणि व्हर्जन छापून येतं ३.१२.३. अशा वेळी एलडीडी चालव, कोणती फाइल पकडली ते पाथसकट कळतं.

इन्स्टॉल म्हणजे ऑल्टइन्स्टॉल. साधा इन्स्टॉल पायथन३, पिप३ अशा नुसत्या ३ च्या लिंका करतो, आणि यूएसआर-लोकलचा बिन पाथमध्ये सहसा आधी येत असल्याने ओएसच्या त्या नावांवर सावली पडते. ऑल्टइन्स्टॉल फक्त पायथन३.१२ अशी आकड्याची नावं ठेवतो. वेगळ्या प्रिफिक्समध्ये दोन्ही चालतील, पण हाताला सवय ऑल्टइन्स्टॉलचीच लाव.

मग तपासणी. मेक टेस्ट चालव, पण कंटेनरमध्ये किंवा नेट नसलेल्या मशीनवर एखाददुसरी चाचणी पडली तर हादरू नकोस, ती कशाची आहे ते वाच. माझा स्वतःचा तपास छोटा आहे: एसएसएल, सीटाइप्स, एसक्यूलाइट३, एलझेडएमए, बीझेड२, रीडलाइन एका ओळीत इम्पोर्ट करायचे, मग ‘क्षण’ हा शब्द छापायचा आणि त्याची लेन विचारायची. उत्तर चार आलं पाहिजे: क, हलन्त, ष, ण. चार आलं पण छापताना एरर आली, तर दोष लोकेलचा. ३.७ पासून पायथन साध्या सी लोकेलमध्येही आपणहून यूटीएफ-८ धरतो, पण कोणी जुन्या प्रोजेक्टसाठी ३.६ मागितला तर क्रॉनमधून चालणारी त्याची मराठी रिपोर्टं पहाटे हमखास पडणार. क्रॉनच्या फाइलीतच लँग लिहून दे.

पुढचं झटपट. तुझ्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल करू नकोस, प्रत्येक कामाला व्हेन्व्ह कर. डेबियन १२ पासून ओएसचा पायथन तुला तसं करताना अडवतो, कारण त्याच्या लिबमध्ये तशी खुणेची फाइल असते. तू बांधलेल्यात ती नसते, तिथे तुला अडवणारं कोणी नाही. बांधून झालेली प्रिफिक्स डिरेक्टरी हलवू नकोस, नाव बदलू नकोस. पिपच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ कोरलेला असतो आणि व्हेन्व्हही तोच पाथ धरून बसलेले असतात. जागा बदलायची तर नव्या जागी पुन्हा बांध. बिल्डचे सगळे पर्याय एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ती गिटमध्ये टाक. विसरलास तरी सिसकॉन्फिगला कॉन्फिग-आर्ग्ज विचार, कोणत्या पर्यायांनी बांधला ते तो पायथन स्वतःच सांगतो. दुसऱ्याने बांधलेला पायथन गळ्यात पडला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा.

पर्ल, रूबी, पीएचपी यांच्याबद्दल विचारलं होतंस. चाल तीच: वेगळा प्रिफिक्स, डेव्ह पॅकेजं, लॉग वाचणं. पर्लचा कॉन्फिगर प्रश्न विचारत बसतो, त्याला डीईएस दिलं की गप्प होतो. रूबी गिटवरून बांधायचा तर आधीचा एक रूबी लागतो, टारबॉलला लागत नाही. पीएचपीला लिबएक्सएमएल२ शिवाय पाऊल टाकवत नाही. बाकी त्यांच्याकडे माझा हात कमी बसलाय.

नवा पॅच आला की जुन्यावर चढवू नकोस. शेजारी नवी डिरेक्टरी, त्यात नवा बिल्ड, व्हेन्व्ह नव्याने, काही दिवस दोन्ही नांदू दे. मग जुना काढताना आरएम मारण्याआधी त्याला कोण वापरतंय ते शोध. चालू प्रोसेस एलएसओएफ दाखवेल, पण रात्री उठणाऱ्या त्यात दिसत नाहीत. त्यासाठी जुन्या पाथचं नाव घेऊन सिस्टिमडीच्या युनिट फाइली, सगळ्यांचे क्रॉनटॅब आणि होममधल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळी ग्रेप कर. त्यानंतर लगेच पुसू नकोस. आधी डिरेक्टरीवरच्या सगळ्या परवानग्या काढून आठवडाभर ठेव, महिन्याला चालणारं काही असेल तर महिनाभर. कोणी ओरडलं तर परवानगी परत देता येते. कोणीच ओरडलं नाही, तर मार आरएम.